गाडीच्या रंगाचा टवका उडालाय? घरच्या घरी असा करा टचअप

नवी गाडी दारात आली की घरात सणासारखे वातावरण असते. नारळ फुटतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, शेजाऱ्यांना पेढे जातात. पहिले काही दिवस तर गाडीवर धूळ बसलेलीही कोणाला खपत नाही. मग एके दिवशी हायवेवर पुढच्या डंपरमधून उडालेली खडी 'टक्' आवाज करत बॉनेटवर आदळते. घरी येऊन पाहावे तर मिरीच्या दाण्याएवढा रंग उडालेला असतो. त्या दिवशी फार वाईट वाटते, पण आठवडाभरात डोळ्यांना सवय होते. 'एवढ्याशा डागासाठी कुठे गॅरेज गाठायचे?' असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो.

आमच्या घरीही हेच झाले. बाबांनी हौसेने घेतलेली आमची पहिली गाडी सेकंडहँड होती. मे महिन्यात कोकणात जाताना तिच्या बॉनेटवर असाच एक टवका उडाला. 'पावसाळा संपला की बघू,' असे बाबा म्हणाले. एक पावसाळा गेला, दुसराही गेला. तोवर मिरीच्या दाण्याच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी फुगवटा आला होता. पेंटरकाकांनी तो नखाने उचकटला तर रंगाचा पापुद्राच हातात आला. 'ताई, बाहेरून दिसतंय तेवढंच नाहीये हे, आतून पसरलंय,' असे ते म्हणाले. शेवटी अख्खे बॉनेट रंगवावे लागले आणि काही शे रुपयांत भागले असते ते काम काही हजारांवर गेले.

तुमच्या गाडीवरही असा एखादा टवका असेल तर तो वेळीच बुजवा. थोडा संयम, सुट्टीचे दोन-तीन दिवस आणि मोजके साहित्य असेल तर हे काम घरीही होते. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. घरच्या टचअपचा पहिला हेतू पत्रा गंजण्यापासून वाचवणे हा आहे. डाग दोन हातांवरून दिसेनासा झाला तर उत्तमच, पण अगदी जवळून पाहिल्यावर तो थोडा जाणवणारच. ही अपेक्षा ठेवून सुरुवात केलीत तर काम बिघडणार नाही आणि हिरमोडही होणार नाही.

रंगाखाली असते तरी काय?

गाडीचा रंग आपल्याला एकसंध दिसतो, पण तो एकावर एक दिलेल्या थरांचा बनलेला असतो. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी रसायनांनी धुतला जातो. नंतर तो मोठ्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढवला जातो. त्यावर येतो प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. गाडीची चमक या क्लिअर कोटमुळे असते. ऊन, पाऊस आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा पहिला मारही तोच झेलतो.

हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात. म्हणजे झेरॉक्सच्या एक-दीड कागदाएवढेच! त्यातला क्लिअर कोट तर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो. म्हणूनच वेगात आलेला छोटासा खडाही थेट पत्र्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि म्हणूनच दुरुस्ती करताना जोर लावून घासणे महागात पडते.

पत्रा उघडा पडला की हवा आणि ओलावा मिळून लोखंडाला गंज चढवू लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे तो आजूबाजूचा रंग खालून उचलतो, रंगाला फुगे येतात आणि पोपडे निघू लागतात. त्या फटींमधून आणखी पाणी आत शिरते. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई किंवा कोची अशा समुद्राजवळच्या भागात हवेतल्या खाऱ्या ओलाव्यामुळे हे सगळे अधिक वेगाने होते. तुम्ही अशा ठिकाणी राहत असाल तर 'नंतर बघू' म्हणूच नका.

आधी टवका ओळखा

गाडी स्वच्छ धुऊन, पुसून सावलीत उभी करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून डाग नीट पाहा. त्यावरून नख हळूच फिरवा.

* नख कुठेच अडकत नसेल तर इजा फक्त क्लिअर कोटला झाली आहे. तिथे रंग भरण्याची गरज नाही, हलके पॉलिश पुरेसे आहे.
* नख अडकते आणि आत राखाडी किंवा काळसर थर दिसतो, तर रंग उडाला आहे पण खालचे थर शाबूत आहेत. घरी टचअप करायला हा सर्वांत सोपा टवका.
* आत चकचकीत धातू दिसत असेल तर पत्रा उघडा पडला आहे. इथे रंगाआधी प्रायमर लावावाच लागेल.
* तपकिरी किंवा नारिंगी छटा असेल तर गंज सुरू झाला आहे. तो काढल्याशिवाय वर काहीही लावू नका. गंजावर रंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे.

बंपरची गोष्ट वेगळी आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात, त्यामुळे तिथला टवका दिसायला वाईट असला तरी गंजत नाही. एखादा भाग पत्र्याचा आहे की प्लॅस्टिकचा, हे ओळखायला फ्रिजवरचे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून लावून पाहा. चिकटले तर लोखंडी पत्रा आहे. दारावरच्या किंवा बॉनेटवरच्या टवक्यांना आधी हात घाला, बंपर मागाहून केला तरी चालेल.

रंगाचा कोड शोधा

'पांढरा रंग द्या' असे दुकानात सांगून चालत नाही. एकाच कंपनीच्या पांढऱ्या रंगातही वेगवेगळ्या छटा असतात. प्रत्येक गाडीच्या रंगाला ठराविक कोड असतो. तो साधारणपणे ड्रायव्हरचे दार उघडल्यावर चौकटीवर दिसणाऱ्या पट्टीवर किंवा बॉनेटखालच्या प्लेटवर छापलेला असतो. तिथे सापडला नाही तर सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर सांगा, ते कोड शोधून देतात.

हा कोड सांगून कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरवरून किंवा ऑनलाइन टचअपची छोटी बाटली किंवा पेन घ्या. शहरातल्या ऑटो पेंटच्या दुकानांत कॉम्प्युटरवर मिसळून थोडासा रंग बनवूनही मिळतो. तरीही थेट गाडीवर लावू नका. आधी पांढऱ्या कार्डावर एक ठिपका द्या, तो वाळू द्या आणि मग कार्ड गाडीजवळ धरून दिवसाच्या उजेडात पाहा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. शिवाय गाडी सात-आठ वर्षे उन्हात उभी राहत असेल तर तिचा मूळ रंगही थोडा उतरलेला असतो.

साध्या पांढऱ्या, काळ्या किंवा लाल रंगाचा टचअप सहज मिसळून जातो. मेटॅलिक रंगात धातूची बारीक चमकी असते. कारखान्यात स्प्रे करताना ती एका पद्धतीने बसते आणि ब्रशने लावताना वेगळ्या पद्धतीने, म्हणून टचअप थोडा गडद दिसू शकतो. पर्ल व्हाइटसारख्या रंगात तर बेस कोट आणि क्लिअर कोटच्या मध्ये मोतिया झाक देणारा आणखी एक थर असतो, तो हुबेहूब जुळवणे घरी कठीणच. तुमच्या गाडीचा रंग असा असेल तर फक्त छोटे टवके बुजवा.

काही जुन्या गाड्यांवर साध्या रंगाला वेगळा क्लिअर कोट नसतो. हे तपासायला पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलके घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर क्लिअर कोट नाही असे समजा.

हे साहित्य जवळ ठेवा

* कार शॅम्पू आणि दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडे
* आयसोप्रोपिल अल्कोहोल (केमिस्टकडे मिळते), तेवढ्याच पाण्यात मिसळून
* टचअपचा रंग, प्रायमर आणि क्लिअर कोट
* लाकडी टूथपिक आणि चित्रकलेचा अगदी बारीक ब्रश
* मास्किंग टेप
* बारीक वॉटर पेपर, २००० आणि ३००० नंबरचा
* गंज असेल तर रस्ट कन्व्हर्टर
* चूक पुसण्यासाठी थोडे थिनर
* हातमोजे
* शेवटी हात फिरवायला फाइन पॉलिश

यातल्या बऱ्याच वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि पुढच्या चार टवक्यांनाही पुरतात.

दिवस आणि जागा निवडा

भर पावसाळ्यात हे काम टाळा. हवेत फार दमटपणा असला की रंग नीट वाळत नाही आणि क्लिअर कोटवर पांढुरकी झाक येऊ शकते. उन्हाळ्यात भर दुपारीही नको. तापलेल्या पत्र्यावर रंग टेकताच सुकतो आणि पसरतच नाही. ऑक्टोबर ते मार्च या काळातली कोरडी सकाळ सर्वांत चांगली. गाडी सावलीत, पण मोकळ्या हवेत उभी करा. सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये थिनरचा वास कोंडतो.

घरात लहान मुले असतील तर काळजी घ्या. अल्कोहोल आणि थिनर दोन्ही पटकन पेट घेतात. देवघरातला दिवा, गॅस, सिगारेट यांच्या जवळपासही त्यांची बाटली नको. साध्या मास्कने थिनरची वाफ अडत नाही, म्हणून उघड्यावर काम करणे हाच खरा उपाय. गर्भवती महिलांनी आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी या कामापासून लांब राहावे. आणि उरलेले थिनर कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेले मूल बाटलीवरचे लेबल वाचत बसत नाही.

टचअपच्या पायऱ्या

१. स्वच्छता : गाडीचा तो भाग शॅम्पूने धुवा आणि पूर्ण कोरडा करा. नंतर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने टवका आणि आजूबाजूचा भाग पुसा. जुने वॅक्स, पॉलिश किंवा तेलकटपणा राहिला तर नवा रंग धरत नाही. पुसण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका. रॉकेल तेलकट थर मागे ठेवते आणि पेट्रोलने आगीचा धोका असतो.

२. कडा साफ करा : टवक्याच्या कडेचा रंग सुटलेला असेल तर टूथपिकने हळूच काढून टाका. हलणाऱ्या कडेवर नवा रंग दिला तर पुढच्या धुण्यात दोन्ही मिळून निघतील.

३. गंज काढा : वॉटर पेपरचा मटारच्या दाण्याएवढा गोल तुकडा कापा आणि पेन्सिलच्या मागच्या सपाट टोकाला चिकटवा. तो टवक्याच्या आत टेकवून पेन्सिल बोटांत हलकेच फिरवा. यामुळे आजूबाजूच्या चांगल्या रंगाला धक्का न लागता आतला गंज निघतो. खड्ड्याच्या खोलगट भागात थोडा गंज राहिला तर टूथपिकने रस्ट कन्व्हर्टरचा थेंब लावा. त्याने गंज काळसर, टणक थरात बदलतो. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या आणि मगच पुढे जा.

४. प्रायमर : पत्रा उघडा असेल तरच प्रायमर लागतो. टूथपिकच्या टोकावर थोडा घेऊन फक्त उघड्या धातूवर लावा. एकच पातळ थर पुरे. प्लॅस्टिक उघडे पडले असेल तर प्लॅस्टिकसाठीचा वेगळा प्रायमर मिळतो, तो वापरा.

५. रंग भरा : बाटली किमान एक-दोन मिनिटे चांगली हलवा, कारण रंगद्रव्य तळाशी बसलेले असते. बाटलीच्या झाकणाला असलेला ब्रश छोट्या टवक्यासाठी फार जाड असतो, तो बाजूला ठेवा. टूथपिकच्या टोकावर एक थेंब घ्या, टवक्याच्या मधोमध टेकवा आणि रंगाला स्वतःहून कडांपर्यंत पसरू द्या. ब्रशने रांगोळीसारखे रंगवत बसू नका. पहिला थर वाळला की दुसरा, मग गरज असेल तर तिसरा द्या. दोन थरांत साधारण अर्धा तास तरी जाऊ द्या, बाटलीवर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. वाळताना रंग आक्रसतो, म्हणून एका थरात खड्डा कधीच भरत नाही. क्लिअर कोट द्यायचा असेल तर रंग आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खालीच ठेवा.

पहिल्या वेळी मी इथेच घाई केली होती. बाटलीचाच ब्रश घेतला आणि एकाच फटक्यात सगळा रंग ओतला. दारावर भाताचे शीत चिकटल्यासारखा फुगीर डाग तयार झाला. तुमचेही असे झाले तर घाबरू नका. रंग ओला असतानाच कापडाच्या टोकाला अगदी थोडे थिनर लावून एकदाच पुसा आणि पुन्हा सुरुवात करा. थिनरने रगडत बसू नका, नाहीतर शेजारचा चांगला रंग खराब होईल.

६. क्लिअर कोट : रंग रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीने टूथपिकने क्लिअर कोटचा थेंब द्या. एक-दोन थरांत तो आजूबाजूच्या पृष्ठभागाच्या बरोबरीने किंवा केसभर वर यायला हवा. गाडीला मुळात क्लिअर कोट नसेल तर ही पायरी सोडा आणि रंगच वरपर्यंत भरा.

७. थांबा : सर्वांत कठीण पायरी हीच आहे. वरून रंग तासाभरात कोरडा वाटतो, पण आतून कडक व्हायला त्याला बराच वेळ लागतो. निदान एक आठवडा त्या जागेला हात लावू नका. दोन आठवडे प्रेशरच्या पाण्याने धुणे टाळा आणि महिनाभर तिथे वॅक्स लावू नका.

८. समतल करा, पण जपून : आठवड्यानंतर टचअप किंचित उंच वाटत असेल तर भोवती मास्किंग टेप लावा. ३००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून फक्त त्या उंचवट्यावर अगदी हलका फिरवा. उंचवटा जास्त असेल तर आधी २००० नंबरचा आणि नंतर ३००० नंबरचा वापरा. चार-पाच वेळा घासून पुसा आणि बघा. नंतर मायक्रोफायबरवर थोडे पॉलिश घेऊन गोलाकार फिरवले की पेपरमुळे आलेला धुरकटपणा जातो.

ही आठवी पायरी ऐच्छिक आहे. पहिल्यांदाच करत असाल तर मी सांगेन, सोडून द्या. हाताला जाणवणारा छोटासा उंचवटा राहिला तरी त्याखालचा पत्रा सुरक्षित असतो. घासण्याच्या नादात शेजारचा क्लिअर कोट गेला तर मात्र मिरीएवढ्या डागाचा तळहाताएवढा डाग होतो.

हे उपाय टाळा

मोबाइलवर रोज नवे 'जादुई' उपाय दिसतात. त्यांतले काही निरुपयोगी असतात, तर काही नुकसान करतात.

टूथपेस्ट : तिच्यात सौम्य खरखरीतपणा असतो, म्हणून वरवरचा बारीक ओरखडा थोडा फिका झाल्यासारखा वाटतो. उडालेला रंग मात्र ती भरून काढू शकत नाही. उलट टवक्यात अडकून पांढरी होऊन बसते.

नेलपॉलिश : आमच्या घरी मावशीने हा सल्ला दिला होता. पारदर्शक नेलपॉलिशने उघडा पत्रा काही दिवस झाकला जातो, पण ते गाडीवरचे ऊन-पाऊस सोसण्यासाठी बनलेले नसते. ते तडकते, पिवळे पडते आणि मग नीट टचअप करण्याआधी ते काढण्याचे काम वाढते.

तेलाचे स्प्रे : गंज सोडवणारा स्प्रे मारला की ओरखडा गायब झाल्यासारखा दिसतो, कारण तेलाने तो ओला झालेला असतो. दोन दिवसांनी डाग परत दिसतो आणि तेलकट झालेल्या जागी रंग धरत नाही.

स्टिकर : गंज लागलेल्या टवक्यावर स्टिकर लावणे सर्वांत वाईट. खाली ओलावा साचतो आणि गंज डोळ्यांआड निवांत वाढत राहतो.

इथे मात्र पेंटरकडेच जा

प्रत्येक काम घरी करणे शहाणपणाचे नाही. पुढीलपैकी काही दिसले तर थेट चांगल्या डेंटर-पेंटरला दाखवा.

* टवका बोटाच्या पेरापेक्षा मोठा आहे किंवा चरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आहे.
* पत्र्याला पोच आली आहे.
* टवक्याभोवती रंगाला फुगे आले आहेत. म्हणजे गंज दिसतो त्यापेक्षा दूर पोहोचला आहे.
* टोकदार वस्तूने हलके दाबले तरी पत्रा आत जातो किंवा भोक पडते.
* रंग हातभर जागेत सालपटासारखा निघतो आहे.
* बंपरमागे रडार असलेली नवी गाडी आहे. त्या भागावर रंगाचा किंवा लांबीचा जाड थर चढला तर रडारच्या कामात अडथळा येऊ शकतो.

गाडीची वॉरंटी चालू असेल आणि कोणताही धक्का न लागता रंग निघत असेल तर स्वतः काही करण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. खडी लागून उडालेला रंग सहसा वॉरंटीत बसत नाही, पण आपोआप निघणारा रंग बसू शकतो.

विम्याचाही हिशेब करा

'इन्शुरन्स आहे ना, करून टाकू क्लेम,' असे अनेकांना वाटते. पण आधी आकडेमोड करा. भारतात खासगी गाडीच्या विम्यात एकही क्लेम न करता वर्ष काढले तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. तो पुढे २५, ३५, ४५ असा वाढत सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जातो. साधारणपणे एक क्लेम केला की तो शून्यावर येतो.

समजा, तुमच्या गाडीचा हा हप्ता १०,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के आहे. म्हणजे तुम्ही ५,००० रुपये भरता. एका टवक्यासाठी क्लेम केला तर पुढच्या वर्षी पूर्ण १०,००० भरावे लागतील आणि बोनस पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागेल. शिवाय क्लेमच्या रकमेतला काही भाग आपल्यालाच भरावा लागतो, तो वेगळा. बोनस सुरक्षित ठेवणारे ॲड-ऑन घेतले असेल तर त्याच्या अटी वाचा. एकूण काय, छोट्या टवक्यासाठी टचअपची बाटलीच परवडते, क्लेम मोठ्या नुकसानीसाठी राखून ठेवा.

पुन्हा टवका उडू नये म्हणून

* खडी किंवा वाळू भरलेल्या डंपरच्या मागे चिकटून गाडी चालवू नका. अंतर वाढवा किंवा सुरक्षित असेल तेव्हा पुढे जा.
* रस्त्याचे काम चालू असलेल्या ठिकाणी वेग कमी ठेवा. वेग जितका जास्त, तितका खड्याचा मार जोरात.
* चाकांमागचे मडफ्लॅप तुटले असतील तर बदला. आपल्याच चाकाने उडवलेली खडी दारांच्या खालच्या भागाला लागते.
* सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये दारांच्या कडांना रबरी पट्टी लावा आणि मुलांना दार हळू उघडण्याची सवय लावा.
* हायवेवर नेहमी प्रवास असेल तर बॉनेटच्या पुढच्या भागावर पेंट प्रोटेक्शन फिल्म लावण्याचा विचार करा. ही जाडसर पारदर्शक फिल्म खड्याचा मार झेलते. सिरॅमिक कोटिंगने चमक टिकते आणि धुणे सोपे होते, पण त्याचा थर फार पातळ असल्याने त्यावर विसंबून राहू नका.
* दसऱ्याला गाडीला हार घालताना तारेने किंवा चिकटपट्टीने बांधू नका. सुती दोरा वापरा आणि फुले सुकण्याआधी काढा.
* महिन्यातून एकदा गाडी धुताना बॉनेट, दारांच्या कडा आणि चाकांच्या वरच्या कमानी निरखून पाहा. नवा टवका दिसला की त्याच आठवड्यात बुजवा. लगेच जमणार नसेल तर जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवा आणि पुढची सुट्टी त्यासाठी ठरवून टाका.

थोडे लक्ष, बरीच बचत

आमच्या गाडीच्या दारावर गेल्या हिवाळ्यात मी केलेला टचअप आजही तिथे आहे. नीट पाहिले तर कळतो. रंग किंचित गडद आहे आणि कड हाताला लागते. काम चालू असताना बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि दर पाच मिनिटांनी 'वाळला का गं?' विचारत होते. पावसाळा संपल्यावर त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिले. फुगा नाही, तपकिरी कडा नाही. 'टिकलाय,' एवढेच म्हणाले आणि टचअपची बाटली गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात नेऊन ठेवायला निघाले. ती उन्हात तापते म्हणून मी परत घरातल्या वरच्या फळीवर ठेवली, तो भाग वेगळा.

मध्यमवर्गीय घरात गाडी वर्षानुवर्षांच्या बचतीतून, हप्ते फेडून येते. तिच्या अंगावर दोन-चार खुणा उमटणारच, रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला त्या चुकत नाहीत. पण त्या खुणेतून गंज आत शिरू द्यायचा की नाही, हे आपल्या हातात असते. येत्या रविवारी गाडी धुवाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च घेऊन एक चक्कर मारा. मिरीएवढा टवका सापडला, तर तो मिरीएवढा असतानाच बुजवून टाका.